लेम्पीच्या बाजूचे पाटे

शेजारच्या रूडी कोस्केलाने आर्वोच्या जीपखाली बॅटरी मारली, इकडून तिकडून पाहिलं आणि कपाळावरची टोपी मागे सरकवली.

"आर्वो, हे पाटे नाहीत बाबा. हा लोखंडाचा ठोकळा आहे. याच्यापेक्षा दगडावर बसून गेलास तर कमी हादरे बसतील."

खोटं नव्हतं ते. स्प्रिंगचे पाटे म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्या, एकावर एक रचलेल्या असतात, खड्डा आला की एकमेकांवरून सरकतात आणि धक्का पोटात घेतात. पण मिशिगनच्या या उत्तरेकडच्या टोकाला अर्धं वर्ष बर्फ, आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर फेकलेलं मीठ. ते मीठ पाट्यांच्या सांदीत शिरलं, लोखंड गंजून फुगलं आणि पाटे एकमेकांना असे चिकटले की सरकायचं नावच नको. जीप आर्वोच्या बायकोच्या, लेम्पीच्या, वडिलांची. त्यांनी ती जपली, मग आर्वोने जपली, आणि जपतो जपतो म्हणताना खालून सडू दिली.

एवढे दिवस चाललं, कारण लेम्पी धट्टीकट्टी होती. चांगली रुंद, भरल्या अंगाची बाई. ती चढून बसली की जीप उजवीकडे खचायची आणि आर्वो दरवेळी म्हणायचा, "आली गं बाई, आली." तीही दरवेळी त्याच्या पाठीत धपाटा घालायची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्या विनोदाला दोघं हसत.

आता लेम्पीची हाडं पोखरली होती. पाठीच्या मणक्यात दुखणं शिरलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, हादरे अजिबात नकोत. आणि तिला हवं काय होतं? तर बर्फ पडायच्या आत एकदा तळ्यावरच्या कॅम्पवर जायचं. वडिलांनी ओंडके रचून बांधलेली ती खोली, पाण्याच्या काठावरचं ते सौनाघर. एकदा तिथं चूल पेटवून घाम काढायचा, एवढंच. तिथं जायला डांबरी रस्ता सुटला की झाडांची मुळं, धोंडे आणि एक ओढा. जीपशिवाय दुसरं काही जात नाही. सप्टेंबरात आर्वोने तिला नेऊन पाहिलं. पहिल्याच मुळांवर तिने हातमोजा दातात धरला आणि तोंडातून हूं की चूं काढलं नाही. आर्वोने तिथूनच गाडी वळवली होती.

"एक सांगू?" रूडी म्हणाला. "सगळे उघड, घास, ते करच. पण उजवीकडचे मागचे परत बसवशील ना, तेव्हा दोन पाटे कमी घाल. तिथं आता हलकं माणूस बसणार. पाटे दबायला तर हवेत."

आर्वो ताडकन उभा राहिला. "हलकं कोण? ती जरा उतरलीय, बस. औषधाने अन्नावरची वासना जाते, डॉक्टरच म्हणाले. आता औषध थांबलंय, खायला लागेल. उन्हाळ्यापर्यंत होती तशी होईल. आणि मग मी परत सगळं उघडत बसू?"

"बरं बाबा," रूडी म्हणाला आणि बॅटरी विझवली.

औषध थांबलं होतं हे खरं. ते का थांबलं हे गावातल्या झाडून सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याला सगळ्यात आधी कळायला हवं तोच तेवढा कानात बोळे घालून बसला होता. त्याला काय म्हणायचं? मला तर राग राग येतो अशा माणसांचा, आणि मग वाटतं, त्याच्या जागी आपण तरी काय केलं असतं.

तर आर्वो कामाला लागला. गंज सोडवायचं तेल पाजून पाजून बोल्ट सैल केले. निम्मे सुटले, निम्मे तुटले. पाटे लोखंडी पकडीत धरून एकेक वेगळा केला, तेव्हा गंजाचे पापुद्रे पत्त्यांसारखे गळून पडले. तारेच्या ब्रशने घासून लोखंड पांढरं होईपर्यंत सोडलं नाही. सांदीत ग्राफाइट फासलं, पाट्यांच्या टोकांना बसणारे रबराचे नवे बुश आणले. गॅरेज स्वयंपाकघराला लागूनच, मधलं दार उघडंच. लेम्पी दारात खुर्ची टाकून बसे. अंगात दोन स्वेटर, वर आर्वोचं जाड लोकरी जाकीट. त्याने भाजलेला वेलदोड्याचा गोड पाव ती कॉफीत बुडवे, एक तुकडा खाई, उरलेला बशीखाली सरकवून ठेवी. तो बशी उचलायचा आणि म्हणायचा, "आज बरं खाल्लंस."

"हो," ती म्हणायची.

मग रेडिओवर बर्फाचा अंदाज आला आणि आर्वोची घाई झाली. घाईत त्याने काय केलं असेल? जीप लोखंडी घोड्यांवर उचलून टेकवलेली, चाकं लोंबकळतायत, आणि पठ्ठ्याने सगळे बोल्ट तसेच आवळून टाकले. आयुष्यभर खाणीच्या गॅरेजात नव्या पोरांना याच चुकीसाठी शिव्या घातलेला माणूस. रबराचे बुश गाडीवर वजन असतानाच आवळायचे असतात. अधांतरी आवळले तर पिळून बसतात आणि एवढं घासूनपुसून पाटे पुन्हा ताठच्या ताठ. गल्लीत एक फेरी मारली, तर जीप बैलगाडीसारखी दणदणली.

रूडी कुंपणावरून पाहत होता. "कुठल्या गाढवाने आवळले रे?" त्याने विचारलं.

"तुझ्या शेजाऱ्याने," आर्वो म्हणाला.

पुन्हा सगळं सैल केलं. गाडी चाकांवर उभी केली. आता बसणाऱ्यांचं वजन ठेवायचं आणि मग आवळायचं. स्वतःच्या जागी आर्वोने वाळूची दोन पोती ठेवली. डावीकडचे पाटे अंगठाभर दबले, एकमेकांवरून झक्क सरकले. त्याला इतकं बरं वाटलं की तो शीळ घालायला लागला. तिसरं पोतं उचलून तो उजवीकडे निघाला, तर दारातून लेम्पी म्हणाली,

"माझ्या जागी पोतं कशाला? मी मेले का अजून?"

"थंडी आहे इथं. तू बस तिथंच."

"मी माझ्या जागेवर बसते. तू आवळ."

तो जीपखाली शिरला. पाठीखाली गार फरशी, हातात पाना, डोळे उजव्या पाट्यांवर. वर तिची पावलं वाजली, सीटचं कातडं करकरलं. तो वाट पाहत राहिला. आता खचेल, आता खचेल. म्हणायचं वाक्यसुद्धा ओठावर आलं होतं.

"बसलीस का?" त्याने शेवटी विचारलं.

"केव्हाची."

"नीट बस. मागे टेकून."

"टेकूनच बसलेय, आर्वो."

पाटे जागचे हलले नव्हते. तो गंजलेलं काही राहिलं का म्हणून चाचपत राहिला, नख घालून पाहिलं. गंज कुठेच नव्हता. ग्राफाइट लोण्यासारखं होतं. पाटे उत्तम होते, त्याने आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम होतं ते. फक्त त्यांच्यावर वजन नव्हतं. दोन स्वेटर आणि एक जाकीट यांच्या आत किती थोडी लेम्पी उरली होती ते त्याला तिच्या तोंडाकडे रोज बघून दिसलं नव्हतं, ते इथं फरशीवर पडून दिसलं.  त्याला मोठ्याने रडायचं होतं, पण ती बरोबर वरच बसली होती.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही. एक पाटा घासतोय. काढावा लागेल."



"एक नाही," लेम्पी म्हणाली. "रूडी दोन म्हणाला होता. दार उघडंच होतं त्या दिवशी."

 तो बाहेर आला तेव्हा ती खाली उतरायला हात पुढे करून बसली होती. त्याने तिला उचललंच. उचलायला काही लागलं नाही. शेगडीजवळ बसवलं, जीप पुन्हा घोड्यांवर घेतली, पाटे उघडले, दोन काढले, बाकीचे बसवले. मग गाडी चाकांवर आणून तिला परत जागेवर ठेवलं आणि खाली शिरला. पाटे दबले. अर्ध्या अंगठ्याएवढेच, पण दबले.

"आली गं बाई," तो खालून म्हणाला. 

"आले," ती वरून म्हणाली. त्याने बोल्ट आवळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं निघाली. आभाळ खाली आलं होतं, पण बर्फ अजून वरच होता. डांबर संपलं, मुळं आली. आर्वोने वेग एकदम मंद केला आणि डोळ्याच्या कडेने तिच्याकडे पाहिलं. जीप झुलली, दणका बसला नाही. हातमोजा तिच्या मांडीवर होता.

"छान झालंय काम," ती म्हणाली.

ओढा ओलांडला. पलीकडे झाडांतून तळं दिसायला लागलं. तिने बराच वेळ तिकडे पाहून घेतलं.

"ते दोन पाटे टाकून नाही ना दिलेस?"

"नाही. खुंटीला टांगलेत."

"बरं केलंस. पुढे रूडी तुझ्यासोबत येईल, तेव्हा परत घालावे लागतील. तो काही माझ्यासारखा नाही, चांगला जड आहे."

उन्हाळ्यापर्यंत तूच जड होशील, हे वाक्य आर्वोच्या तोंडात तयार होतं. रोजचंच होतं. त्याने ते गिळलं आणि समोरच्या धोंड्यावरून चाक हळूच उतरवलं.

"हो," तो म्हणाला. "घालीन."