बिनडोळ्यांची फौज

दुकानात गिऱ्हाईक उभं असताना जो मान वर करत नाही त्याला माणूस म्हणायचं की गल्ल्याला लावलेलं कुलूप, असा शांतव्वाचा सवाल होता. आणि हे कुलूप म्हणजे तिचाच थोरला लेक, सोमशेखर. नवरा गेल्यावर मंगळवार पेठेतलं कापडाचं दुकान तिनं एकटीनं ओढलं, अन् हा चाळिशीला टेकलेला गडी दोन हजार तीनचं अख्खं साल गल्ल्यामागं बसून बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक रंगवत होता. पुण्याचा एक दोस्त ते परदेशातून मागवायचा. दिवाळीत दोघं टेबलावर मराठ्यांची अन् मोगलांची लढाई मांडून फासे टाकणार होते.

"लेकरं किल्ला करत्यात, ते समजतंय," ती सुनेला म्हणायची. "तुझा नवरा कितवीत हाय गं?"

"नापास झालाय, अत्ती," सौंदर्या हसू दाबत म्हणायची.

खंडेनवमीच्या सकाळी शांतव्वानं दुकानात पाटावर कात्री अन् मीटरपट्टी पूजेला मांडली. वर्षभर ज्यानं काम केलं तेच पाटावर, हा घरचा नेम. सोमशेखरनं आपला बारीक ब्रश पुढं केला.

"अव्वा, ह्योबी ठेव की."

"ह्यानं काय काम केलंय?"

"बघ तर आधी."

त्यानं वर्षभराची फौज फळीवर मांडली. शांतव्वानं चष्मा चढवला. संक्रांतीच्या सुमाराचे मावळे रंगानं नुसते थापलेले, तोंडं सुजलेली.

"ह्यास्नी गांधीलमाशी चावलीया का रं?"

"तवा हात बसला नव्हता."

आषाढात बैलांच्या बेंदरापर्यंत हात बसला होता. घोड्यांचे लगाम सुटे दिसत होते. श्रावणातल्या मावळ्यांच्या पागोट्यांना घड्या होत्या, मिशांना पीळ होता, अन् डोळे खसखशीएवढे, पण थेट तिच्याकडं बघणारे. शांतव्वाच्या तोंडाशी "शाबास" आलं होतं. तिनं ते गिळलं अन् दुसरा खोका उघडला.

मोगल. सगळ्यांना हिरव्याचा एकच हात, तोंडं कोरी.

"ह्यांचं डोळं?"

"शत्रूच की, अव्वा. त्यांच्याकडं कोण बघतंय?"

शांतव्वानं एक मोगल चिमटीत धरून उजेडाकडं वळवला. दुकानापायी दिरानं तिला कोर्टात खेचलं होतं. तोच दीर अजून धोतराला इथंच यायचा, अन् त्याचं कापड ती दुसऱ्या कुणाला मोजू देत नव्हती. बोटभर कमी भरलं, असं त्याला म्हणता येऊ नये म्हणून.

तिनं ब्रश उचलून लेकाच्या हातात परत दिला.

"हात चांगला हाय तुझा, न्हाय म्हणत न्हाय. पर आंधळी माणसं मारून तुझं मावळं कसलं मिरवणार रं? भावजींचं कापडबी मी पुरं मोजून देतो. ह्यास्नी डोळं काढ, मिशा काढ, तुझ्या मावळ्यांसारख्या. मग पुढल्या खंडेनवमीला मी सोता ठेवतो ब्रश पाटावर. आज न्हाय. आन् ऊठ आता, गिऱ्हाईक कवाचं उभं हाय दारात."