बावीस पाहुणी मतं

जयवंतने जिन्याजवळचं पत्रक नखाने खरवडून काढलं, तरी खालची ओळ भिंतीलाच चिकटून राहिली: ‘कोकणी माणसाच्या घरावर घाटावरच्या बाईचा कारभार नको.’ घाटावरची बाई म्हणजे शांता, त्याची बायको. साताऱ्याहून या चाळीत येऊन तिला छत्तीस वर्षं झाली होती. आणि पत्रक काढणारा पुष्कर तिच्याच हातच्या पुरणपोळ्या खाऊन मोठा झाला होता.

काळाचौकीतली ही चाळ आता पाडायची होती. बिल्डर म्हणत होता, नवी इमारत होईपर्यंत तीन वर्षं सगळ्यांनी लांब मानखुर्दला राहा. राजेशच्या पॅनलला ते मान्य होतं. जुन्या रहिवाशांच्या पॅनलला परळमध्येच सोय हवी होती. महिन्याने चाळीच्या समितीच्या अध्यक्षाची निवडणूक. तिथे राजेशसमोर जयवंतने उभं राहायचं की पुष्करने, हे ठरवायला जुन्या पॅनलने आज आपसात मतदान ठेवलं होतं. शांताचं डायलिसिस परळला, आठवड्यातून तीनदा. तेवढ्यासाठीच जयवंत या भानगडीत पडला होता. एरवी त्याला भाषणाचा कंटाळा आणि भांडणाचा त्याहून.

मत कोणी द्यायचं, याबाबत चाळीचा जुना नियम होता: मंडळाच्या गणपतीपुढे ज्याने एकदा तरी आरतीचं ताट धरलं, तो आपला. राजेशची माणसं रांगेत येऊन उभी राहिली तेव्हा पुष्कर तावातावाने भांडला. पण ताट त्यांनीही धरलं होतं. देवासमोर आपला म्हटलेला माणूस मतपेटीसमोर परका कसा करायचा? जयवंतनेच त्यांना आत घेतलं.

संध्याकाळी जयवंत सतरा मतांच्या फरकाने निवडून आला. सगळ्यांआधी पेढे घेऊन आला तो राजेश.

“काका, मनापासून अभिनंदन!”

“तुझी माणसं किती होती रे?”

“बावीस. सगळी तुम्हालाच.” राजेश मोकळेपणाने हसला. “पुष्करसमोर माझं काही खरं नव्हतं, काका. तो घरं फोडून मतं काढतो. तुम्ही काय, सज्जन माणूस.”

बाविसातून सतरा वजा करायला जयवंतला वेळ लागला नाही. पेढा हातातच ठेवून तो दोन मजले चढला. इतकं थकल्यासारखं त्याला गिरणी बंद झाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

शांता दारात बसून लसूण सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे पुष्कर उभा राहिला, तर राजेश पडतो?”

“पडतो. पण तुझ्याबद्दल असलं लिहिणाऱ्यासाठी मी माघार घेऊ? माझ्याच्यानं त्याच्यापुढे मान खाली घालवणार नाही, शांता.”

शांताने ताटली बाजूला सारली. डाव्या हाताच्या फुगलेल्या शिरा पदराआड घेतल्या आणि ती उठली.

“तुम्ही बसा. मीच जाते.”

कठड्याला धरून ती गॅलरीतून हळूहळू पुष्करच्या दाराशी गेली. जयवंत उंबऱ्यातूनच बघत राहिला. पुष्कर बाहेर आला. कुठे बघावं ते त्याला कळेना.

“काकी, ते पत्रक...”

“हे उभे राहत नाहीयेत. तू राहा,” शांता म्हणाली. “सोमवार, बुधवार, शुक्रवार सोडून सांग. तुझ्यासाठी मी दारोदार फिरते.”