वासाचा साबण

अर्जुनानं त्या सकाळी तिसऱ्यांदा अंघोळ सुरू केली, तेव्हा त्याची बायको हरणाबाई चुलीपुढनं उठून बाहेरच आली. जत तालुक्यात पाणी टँकरनं येतं, आणि हा गडी बादलीवर बादली अंगावर ओततोय!

"आवं, लगीन हाय का काय तुमचं? कातडं निघंल आता."

"गप बस. वास जात न्हाई," अर्जुना म्हणाला आणि पुन्हा साबण चोळायला लागला.

साबण वासाचा होता, पप्पूनं दिलेला. पप्पू म्हणजे हरणाबाईचा धाकटा भाऊ, पलूसला कामाला असतो. पॅन्ट-शर्टही त्याचाच आणि सेंटची बाटलीही त्याचीच. एवढा थाट कशासाठी, तर शाळेत एक तास शिकवायला जायचं होतं म्हणून. स्वतःच्या लग्नात या माणसानं धोतर-पटका सोडला नव्हता, आणि आता बघा!

त्याचं असं झालं. गावच्या शाळेत स्वप्नाली मॅडम नवीन आल्या होत्या. काही पोरं धनगराची, काही घरात कानडी बोलणारी, आणि पुस्तकात मात्र यांच्या घरचं काहीच नाही, हे मॅडमना खटकलं. म्हणून त्यांनी दर शनिवारी 'घरचा गुरुजी' सुरू केला. ज्याला जे येतं, ते त्यानं येऊन शिकवायचं. या शनिवारी पाळी अर्जुनाची होती. मेंढ्या आणि कोकरं घेऊन जायचं आणि कुठलं कोकरू कुणाचं ते कसं ओळखतात, ते पोरांना दाखवायचं. अर्जुनाला दीडशे मेंढरांत ते येत होतं. त्याची भीती त्याला नव्हतीच.

भीती वेगळी होती. तीस वर्षांमागं तो याच शाळेत चौथीत होता. थंडीत घोंगडं पांघरून आला, तर तेव्हाच्या मास्तरनं नाक दाबलं आणि म्हणाला, "ए मेंढरा, बाहेर बस." सगळा वर्ग हसला. अर्जुना वर्षभर व्हरांड्यात बसला आणि पुढच्या साली आलाच नाही. स्वतःचं दुःख त्यानं कधीच गिळलं होतं. पण आता त्याच चौथीत त्याची लेक अपेक्षा होती, आणि आदल्या दिवशी तिनं जवळ येऊन हळूच सांगितलं होतं, "आण्णा, उद्या घोंगडं आणू नका. पोरी माझ्यापासनं सरकून बसत्यात."

एवढं बोलली आणि पळाली.  आपल्यामुळं पोरीचं वर्गात हसं झालं, तर तीही शाळा सोडणार, हे अर्जुनाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

तो तीन मेंढ्या घेऊन निघाला. दोन कोकरं पंधरा दिवसांची होती, ती आपल्या आयांमागं उड्या मारत चालली. तिसरं तीनच दिवसांचं, ते त्यानं शर्टाशी धरलं. वाटेत चारदा थांबून त्यानं स्वतःची बाही हुंगली. घोंगडं त्यानं आणलं नव्हतं. म्हणजे, आणलं होतं! खताच्या पोत्यात गुंडाळून काखेत मारलं होतं. घोंगड्याबिगर धनगर घराबाहेर पडायचा कसा? शाळेजवळ आल्यावर त्यानं ते पोतं निवडुंगाच्या कुंपणाआड सारलं. मान वर केली, तर फाटकात अपेक्षा उभी. तिनं सगळं पाहिलं होतं. ती तशीच वळून आत गेली.

मैदानात पोरं गोल बसली. कानडी पोरं "कुरी, कुरी!" करून आपल्या बोलीत मेंढ्यांना हाका मारायला लागली. मॅडमनी कोकरं एकीकडं आणि मेंढ्या दुसरीकडं धरायला लावल्या. अर्जुनानं नीट सांगितलं.

"कान बघा, कपाळ बघा, आवाज आयका. ह्ये बांड्या कानाच्या मेंढीचं, ह्ये काळतोंडीचं, आन ह्ये बारकं ह्या पांढरीचं. आता सोडा."

दोन कोकरं धावत गेली आणि आपापल्या आईच्या कासेला लागली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बारकं लटपटत पांढरीकडं गेलं. पांढरीनं त्याला हुंगलं, फुर्र केलं आणि अशी ढुशी मारली, की बिचारं मातीत कोलमडलं.

"काका, चुकलं की तुमचं!" एक पोरगी ओरडली आणि सगळी हसत सुटली.

तेच हसणं! अर्जुनाचे कान तापले. चूक काय झाली, ते त्याला तिथंच उमगलं. अर्ध्या तासाच्या वाटेत कोकरू त्या सेंटच्या शर्टाला घासत आलं होतं. आईला आपल्या पोराचा वासच लागत नव्हता. अरे, मेंढका झालास कशाला गड्या? दुसऱ्याला वीस वर्षं सांगतोस, कवळ्या कोकराला साबणाचा हात लावू नका म्हणून!

"राहू द्या अर्जुनाआण्णा," मॅडम म्हणाल्या, "होतं असं."

पण राहू द्यायचं कसं? कोकरू भुकेनं ओरडत होतं. इलाज पंचवीस पावलांवर, निवडुंगाआड पोत्यात होता, आणि तो बाहेर काढणार नाही म्हणून त्यानं पोरीला मनोमन शब्द दिला होता.  त्यानं अपेक्षाकडं पाहिलं. ती खाली मान घालून बसली होती.

मग ती उठली. सगळ्यांच्या मधनं पळत फाटकाबाहेर गेली आणि पोतं घेऊन आली. घोंगडं ओढून काढलं, सगळ्यांसमोर झटकलं.

"आण्णा, धरा. लवकर पुसा त्याला."

अर्जुनानं कोकरू घोंगड्यात घेऊन खसाखसा पुसलं. पांढरीच्या दुधाची धार काढून त्याच्या पाठीवर, शेपटीवर चोळली आणि पुन्हा पुढं सोडलं. पांढरीनं हुंगलं. आणखी एकदा हुंगलं. मग ती गप उभी राहिली, आणि कोकराची शेपटी भराभरा हलायला लागली. कुणीच हसत नव्हतं.

"काय लावलंय गं त्या घोंगड्याला?" सोनियानं विचारलं. वर्गात सगळ्यात लांब सरकून बसणारी ती हीच.

"काय न्हाई," अपेक्षा म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "आमच्या मेंढरांचा वास हाय. त्यो नसला, तर आय पोराला वळखत न्हाई."

सोनियानं पुढं वाकून घोंगड्याला नाक लावलं.

तास संपला. अर्जुनानं घोंगडं मागायला हात पुढं केला, तर पोरीनं ते खांद्यावर घट्ट ओढून घेतलं. "ऱ्हाऊ द्या हितंच. आजून दोन तास हायत माझं." आणि ती वर्गात जाऊन आपल्या जागेवर बसली.

अर्जुना घरी आला. हरणाबाईनं त्याला खालीवर न्याहाळलं. डोळे लाल, शर्टावर दुधाचे डाग, काख रिकामी.

"आवं, घोंगडं कुठं हाय?"

"शाळंत," अर्जुना म्हणाला आणि सेंटचा शर्ट काढायला लागला. "चौथीत. आत बसलंय."