शुभ्रबाबांची करपलेली बाही

उपाशी माणसांची रांग मैदानाला वळसा घालून पार बसथांब्यापर्यंत गेली होती. उपाशी यायचं, हा शुभ्रबाबांचा नियमच. कुणी झुलत होतं, कुणी शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून पेंगत होतं, आणि ऊन सावकाश वर चढत होतं. मंचावर बाबा उभे. पायघोळ पांढरा झगा, बाह्या अशा ढगळ की एकेकीत एक पोर निजावं.

"हे काय आहे?" बाबांनी समोरच्या हंड्यावर टिचकी मारली.

"नळाचं पाणी!" रांग ओरडली.

"कुणी भरलं?"

"आम्ही!"

"मग बघा आता! ढगापल्याडच्या झऱ्या, वाऱ्यापल्याडच्या वाऱ्या, ये रे ये, ये रे ये!" असं म्हणत बाबांनी हात कोपरापर्यंत हंड्यात बुडवला, गरागरा ढवळला, आणि पहिल्या आजीबाईंना घोट दिला.

"अगं बाई!" त्या किंचाळल्या. "नळ गोड झाला!"

मग काय विचारता! घोटाघोटानं रांगेला पालवी फुटत गेली. धरून आणलेली माणसं टुणटुणत परतली. मीही घोट घेतला, पण मी गुपचूप न्याहारी करून गेले होते. मला नुसतं गोड लागलं, बाकी काही नाही. माझंच पाप, असं मला वाटलं.

तेवढ्यात माझी वहिनी रांग मोडून धावत आली. तिच्या हातात पिटुकली, माझी तीन वर्षांची भाची. पोर घामानं डबडबलेली, पांढरीफटक, हातपाय झटके देत होते. जन्मल्यापासून हे असंच. फिटची औषधं झाली, पण गुण नाही. बाबांनी ओलं बोट तिच्या गालात फिरवलं. थोड्या वेळानं पिटुकलीनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आई, भूक!"

मैदान वेडं झालं. वहिनी तर बाबांच्या पायावरून उठेना.

"माई, पीडा अर्धीच गेलीय," बाबा म्हणाले. "उरलेली उद्या भरल्या मैदानात मुळासकट उपटतो. सांजेपासून पोरीला काहीएक देऊ नका. झटका आला तर येऊ द्या." आणि कृपा म्हणून त्यांनी आपला अंगातला झगा इस्तरीसाठी आमच्या लाँड्रीत पाठवला.

सकाळी दादानं तो झगा टेबलावर पसरला.

"अरे, धुतला कुठे?" मी विचारलं.

"धुवायचा नाही. त्यातलं तेज गटारात जाईल."

"दादा, आधी धुवायचं, मग इस्तरी. अप्पांनी दुकान आपल्या हाती देताना हेच तर शिकवलं."

"तो नियम माणसांच्या कपड्यांना गं! तू ना, जरा भक्तीनं वाग."

दादानं डोळे मिटून उजव्या बाहीवर इस्तरी फिरवली. चर्रर्र! बाहीवर तांबूस, मग तपकिरी, मग काळपट नकाशा उमटला. चिकट धूर निघाला. दादाचा चेहरा झग्याहून पांढरा.

"शाप! मला शाप लागला!"

मी बाही हुंगली. "शाप नाही रे. साखर करपलीय."

"वा, आज लाँड्रीत पाक शिजतोय वाटतं!" दारातून आवाज आला. गावात नव्यानं आलेल्या, लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई आपले कोट न्यायला आल्या होत्या. गोल गरगरीत आणि सदा हसऱ्या. पण कोपऱ्यातल्या गाठोड्याकडे नजर गेली आणि त्यांचं हसू मावळलं. गाठोड्यावर निजलेली पिटुकली थरथरत होती.

"हिनं शेवटचं कधी खाल्लं?"

"काल दुपारी," तिच्या उशाशी बसलेली वहिनी म्हणाली. "हात नका लावू, बाबा उठवणार आहेत..."

"तोवर ही उरायला हवी ना, ताई!"

त्यांनी पिशवीतून छोटं यंत्र काढलं, पिटुकलीच्या बोटाला टोचलं, आकडा बघितला. "रक्तातली साखर फार उतरलीय! घरात साखर आहे?"

चहाच्या साखरेचा डबा मीच पुढे केला. बाईंनी पोरीला कुशीवर वळवलं आणि ओल्या बोटानं किंचित साखर गालाच्या आत चोळली. "तोंडात पाणी ओतायचं नाही हं, श्वासात जाईल. आणि एवढ्यानं भागणारही नाही. माझी गाडी दारात आहे, चला."

वहिनीनं उचलून घेईपर्यंत पिटुकलीनं डोळे किलकिले केले. "आई... भूक."

दादा साखरेच्या डब्याकडे बघतच राहिला. ढगापल्याडचा झरा आमच्याच फळीवर, चहापत्तीशेजारी!

"तुमची इस्तरी तापली की आपोआप बंद होते ना?" बाई म्हणाल्या. "पोटामागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. ती इन्सुलिन सोडते, आणि इन्सुलिन रक्तातली साखर कमी करतं. साखर उतरली की तिनं बंद व्हायचं. हिची जन्मापासून बंदच होत नाहीये, असा मला दाट संशय आहे. आजार दुर्मिळ आहे, पण उपाय आहे. साखर चाटवली की पोर उठेल आणि पुन्हा पडेल. तिला उपाशी ठेवणं म्हणजे... जाऊ दे. बसा गाडीत!"

ते तिघं बाईंबरोबर इस्पितळात गेले. मी करपलेला झगा काखोटीला मारला, बेकरीतून पावांची टोपली उचलली आणि थेट मैदान गाठलं.

"आज आधी पाव खा, मग अमृत प्या!" मी रांगभर ओरडत सुटले. उपाशी रांगच ती! टोपलीचा फडशा पडला.

"हे काय चाललंय?" बाबा गरजले. "खाल्ल्यावर अमृत काम करत नाही!"

"का हो? पावाला भितं?"

रांगेत पहिली खसखस पिकली. मी झगा उंच धरला. "बाबा, तुमची बाही पाकात शिजली! आता बाह्या वर करा आणि हंडा गोड करून दाखवा."

"माझ्या बाहीत ब्रह्मांड आहे, मुली!"

"बघू तरी ब्रह्मांड!" म्हणत कालच्या आजीबाई मंचावर चढल्या. "मला मधुमेह आहे. साखर चढली तर हा म्हणतो, आजी, तुमच्यात देवत्व भरतंय!" त्यांनी बाही खेचली. बाहीच्या आत दंडाला बांधलेला रबरी फुगा फचकन दाबला गेला आणि साखरेच्या पाकाची पिचकारी शेजारी उभ्या शिष्याच्या डोळ्यात!

"बाबा, आंधळा झालो!"

"चाट, दिसेल!" रांगेतून कुणीतरी ओरडलं, आणि सगळं मैदान खाली बसून हसायला लागलं. बाबा झगा गुडघ्यांपर्यंत उचलून धावत सुटले. मागे माश्या.

पिटुकलीच्या तपासण्या झाल्या. बाईंचा संशय खरा निघाला. मोठ्या इस्पितळातल्या खास स्कॅनमध्ये स्वादुपिंडाचा एक इवलासा तुकडाच बिघडलेला दिसला. सर्जननं तेवढाच काढला. सगळ्यांचं इतकं सोपं नसतं, बाई सांगतात. कुणाला गोळ्या, कुणाला वेळेवर भरवणं, कुणाला मोठी शस्त्रक्रिया, आणि रोज यंत्रावर लक्ष. पण रस्ता आहे, आणि तो उपासातून जात नाही.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी आम्ही तिघं तिच्या अंथरुणाभोवती श्वास रोखून बसलो. पिटुकली कोरडी ठणठणीत उठली आणि आमच्याकडे बघून म्हणाली, "काय बघता?" मग गाणं म्हणत दुकानात पळाली.

इस्तरी गं इस्तरी, गरम तुझा पाय,
सुरकुती पळाली, तिला पकडतेस काय!

तो झगा दादानं दुकानात दर्शनी भागी टांगलाय. डाग काढता येतो आम्हाला, काढत नाही. गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा दादा बाहीकडे बोट दाखवतो. "चमत्कार आला की आधी धुऊन बघा हो. विचारा, हुंगा, तपासा. मगच इस्तरी. आणि पोर आजारी असेल तर तेवढंही थांबू नका, डॉक्टर गाठा. मी डोळे मिटून फिरवली होती. तेव्हा माझी पोर मागे गाठोड्यावर थरथरत होती."