मधल्या रेघेला चिकटलेले ठिपके

इतवारीतल्या मसाला कारखान्यात हळदीच्या पुड्यांचं वजन जयवंता करायची. दर तासाला चार पुड्या काट्यावर ठेवायच्या, सरासरी काढायची आणि भिंतीवरच्या चार्टवर एक ठिपका द्यायचा. पुड्या थोड्या कमी-जास्त भरतातच, म्हणून ठिपके वरच्या-खालच्या रेघांच्या आत थोडे नाचायला हवेत. जयवंताचे मात्र मधल्या रेघेला चिकटून बसलेले, कुणी दटावून बसवल्यासारखे.

तपासनीस शालिकराम कीर्तनवेडा. बुवा रंगले की आवाज चढतो, उतरतो, मध्येच भरूनही येतो; सपाट आवाज म्हणजे नुसतं पाठांतर, हे त्याचं ठाम मत. म्हणून त्याने मधुकरराव साहेबांना सांगून टाकलं, बाई वजन न करताच आकडे मांडते.

"मग सोमवारपासून दुसरी बाई बघा," साहेब म्हणाले.

जयवंता विधवा, घर तिच्याच पगारावर. शालिकरामने उघडलेला डबा तसाच मिटला. निदान एकदा डोळ्यांनी पाहावं म्हणून तो तिच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"काहून गा भाऊ, हळद चोरून राहिली का मी?"

"तू काम कर वं आपलं."

तिने पुड्या भरणाऱ्या यंत्राच्या डाव्या तोटीखालून दोन पुड्या उचलल्या, उजवीखालून दोन. चारही नीट तोलल्या. डावीकडच्या भारी, उजवीकडच्या हलक्या. बेरीज करून भागलं, तर ठिपका पुन्हा मधल्या रेघेवर!

"दोन्हीकडून कायले घेतं?"

"पंगतीत एकाच रांगेले वाढते का कोणी?"

शालिकरामने स्वतःचेच कान पकडले. भारी आणि हलकं सरासरीत जिरून जात होतं, आणि त्याने दोन्ही तोट्यांची वेगवेगळी वजनं कधी पाहिलीच नव्हती. तो तसाच साहेबांकडे गेला, चूक कबूल केली, बोलणी खाल्ली आणि परत येऊन जयवंतालाही सगळं सांगितलं.

तिने हातातली पुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "आन् कीर्तनात पहिल्या रांगेत बसता न गा भाऊ!"

त्याने मान खाली घातली. दोन तोट्यांसाठी दोन चार्ट लावले. नोकरी राहिली म्हणून ती देवाचं नाव घेईल असं त्याला वाटलं होतं. ती उजवीकडचे खाली उतरलेले ठिपके बघत राहिली.

"मंग इतक्या दिवस ज्यायच्या घरी हलकी पुडी गेली, त्यायचं काय?"

 शालिकरामने हात लांबवून आधी उजवी तोटी बंद केली.