बंडप्पाच्या मनगटावरचा काळा धागा

अणदुरात हरणाबाईच्या घराण्यातल्या बायकांना चेटकिणी म्हणत, आणि ते खोटे नव्हते. तिच्या पणजीने मंत्राच्या बळावर दुसरीचा नवरा ओढून घेतला होता. त्या दुसरीने शाप दिला: या घरातली लेक ज्या नवऱ्यावर जीव लावील, तो वर्षाच्या आत मरेल. तेव्हापासून लग्नात नवरी वराच्या मनगटावर काळ्या मेंढीच्या लोकरीचा धागा बांधी. धागा काळा आहे तोवर भय नाही. पांढरा पडला, की बायकोचा जीव जडला असे समजावे.

हरणाबाईचा नवरा बंडप्पा याचा धागा एकेचाळीस वर्षे काळाच होता.

गाव याला नशीब म्हणे. हा युक्तिवाद बंडप्पाला कधीच मान्य झाला नाही. आपल्यावर बायकोचे प्रेम नाही, हे जे रोज आंघोळीच्या वेळी मनगटावरून सांगते, त्याला नशीब म्हणायला माणूस तिऱ्हाईतच असावा लागतो. तिशीत असताना त्याने एकदा चंचीतला चुना त्या धाग्याला फासून पाहिला होता. हरणाबाईने पदराचे टोक ओले करून तो पुसला आणि ती पुन्हा भाकरी थापायला बसली.

तरीही एक आशा त्याने जपली होती. ती मंत्र जाणते; आपण जगावे म्हणून तिने स्वतःची माया उतरवून टाकली असेल, तर?

चैत्रात त्यांच्या समृद्धीचे लग्न झाले. आषाढात ती धावत माहेरी आली. मोबाईलवर नवऱ्याचा फोटो होता. सोमेशच्या मनगटावरचा धागा कापसासारखा पांढरा.

"आई, त्यांस्नी काय होऊ देऊ नगं!"

"उतारा हाय," हरणाबाई म्हणाली. "जीव वाचंल, पर तुझी माया जाईल. परत यायची न्हाय."

"जाऊ दे."

दहीभात, लिंबू आणि समृद्धीच्या केसांची बट असे ताट सिद्ध झाले. हरणाबाईने ते लेकीवरून तीनदा ओवाळले. तिसऱ्या फेऱ्याला लेकीचे रडणे मध्येच थांबले.

बंडप्पाने धीर केला. "हरणे, माझ्यापायी किती डाव केलास गं हा उतारा?"

तिने नवलाने वर पाहिले. "अवं, तुमच्यापायी कशाला? कधी गरजच पडली न्हाय."

त्या स्वरात आकस नव्हता. असता तर त्याला बरे वाटले असते.

"ताट तिठ्यावर तुमीच ठिवून या," ती पुढे म्हणाली. "ज्याच्यावर कुण्या बाईचा जीव न्हाय, असाच माणूस लागतो. अन् मागनं हाक आली तर वळू नगा."

दिवेलागणीला तो तिठ्यावर जाऊन आला. मागून हाक आली नाही.

ओसरीवर समृद्धी फोनवर बोलत होती. "जेवलात का? बरं. ठेवते मग."

बंडप्पा उंबऱ्यातच थांबला. हा सूर त्याच्या ओळखीचा होता. एकेचाळीस वर्षे तो याच सुरात वाढलेले जेवण जेवत आला होता. जावई आता पुष्कळ वर्षे जगणार, हे त्याला कळले.