वाईरोआचा बाक

दूर समुद्रातल्या एका छोट्या बेटावरच्या वाईरोआ वस्तीत सत्तावीस घरं होती आणि माणूस एकच, आकाइती. बाकीच्या सव्वीस घरांच्या किल्ल्या तिच्या स्वयंपाकघरात खिळ्यांना टांगलेल्या असत. महिन्यातून एकदा त्या घरांच्या खिडक्या उघडायच्या, आणि ऑकलंडहून फोन आला की "हो, तुमचा नीरफणस यंदा लगडलाय, माझी डुकरं खुशीत आहेत" असं सांगायचं, हे तिचं काम. दोन मुलगे, एक मुलगी, नऊ नातवंडं, सगळी तिकडेच. नवराही तिकडेच होता. पण त्याला मोजायचं की नाही हे तिनं अजून ठरवलं नव्हतं.

माणसं मोजायची तिला खोडच होती. रविवारी देवळात पाळक डोळे मिटून प्रार्थना करी तेव्हा आकाइती एक डोळा उघडा ठेवून बेटाची हजेरी घेई. कोण पेंगतंय, कुणाची टोपी नवी, कुणी भावाशी बोलणं टाकलंय आणि तरी त्याच्याच मागं बसून 'आमेन' ठोकतंय, सगळं टिपून ठेवलेलं. इतरांच्या चुकांचा जमाखर्च तिच्याकडे पैन्‌पै लिहिलेला होता. तिच्या चुका मात्र कुणाच्याच वहीत नव्हत्या, आणि हे काही बरं लक्षण नाही, एवढं कळण्याइतकी ती हुशार होती.

रविवारी दुपारी, जेवणं आटपल्यावर, देवळामागच्या दालनात उआपोऊ भरे. बायबलातल्या वचनाची बैठकच ती. ताउतू, आरेमांगो आणि वाईरोआ, तीन वस्त्या, तीन लांब बाक. पुढच्या रविवारचं वचन आठ दिवस आधी सांगायचं, प्रत्येक वस्तीनं आठवडाभर त्यावर आपापसांत भांडायचं, आणि रविवारी वस्तीतल्या एकानं उभं राहून आपल्याला काय गवसलं ते सांगायचं. सांगून झालं की त्याच्याच बाकावरची माणसं गीत उचलणार. ते गीत सुरू होईपर्यंत बोलणाऱ्यानं खाली बसायचं नाही, आणि तो बसल्याशिवाय बैठक पुढं सरकायची नाही. आणखी एक रीत होती. दुसऱ्या बाकावरच्या बोलणाऱ्याला टोकायचं नाही. तो कितीही बहकला तरी इतरांनी "बरं" म्हणून मान हलवायची. चूक काढायचा हक्क फक्त त्याच्या बाकावरच्यांना; ते झगा ओढून, कोपर मारून, वेळ पडली तर मोठ्यानं हटकू शकत.

वाईरोआच्या बाकावर एकेकाळी तीस माणसं दाटीनं बसत. आठ वर्षांत ती एकेक करून विमानात बसली. आता आकाइती एकटीच बोले, एकटीच गीत उचले, एकटीच संपवी आणि बसे. जन्मभर ती वरच्या पट्टीत गात आलेली. खालून पुरुषांचा घुमणारा हुंकार नाही, मधल्या बायकांचे आवाज नाहीत. नुसती वरची पट्टी म्हणजे भिंतींशिवाय छप्पर. पोरं तोंडावर टोप्या धरून हसत. आकाइती त्यांचीही नावं टिपून ठेवी.

त्या शनिवारी ती नारळ खवत बसली होती, तेव्हा डीकन तामातोआ आला. पंचेचाळिशीचा गडी, बेटाच्या मंडळीचा सगळा कारभार त्याच्या अंगावर, आणि चेहऱ्यावर सदा तोच भार.

"माय, एक बोलायचं होतं."

"बोल. नारळाला कान नाहीत."

"उद्या तुझ्या बाकाचा शेवटचा रविवार. पुढच्या खेपेपासून तू आमच्या ताउतूच्या बाकावर बस. यादीतून वाईरोआचं नाव काढतोय."

आकाइतीचा हात थांबला नाही. "का रे? वाईरोआनं काय चोरलं तुझं?"

"माय, एका माणसाची मंडळी होत नाही. प्रभूनं काय सांगितलंय? दोघे किंवा तिघे जमतील तिथं मी आहे. दोघे! एक कुठं आहे त्यात?"

"देव एकच आहे, त्याला कुठल्या बाकावर बसवतोस?"

"चेष्टा नको गं. तुला एकटीला बघून आम्हालाच वाईट वाटतं."

"वाईट वाटतं म्हणून माझी वस्ती पुसणार? तामातोआ, तू रांगत होतास तेव्हा तुझं नाक मी पुसायचे. तेवढ्या हक्कानं सांगते, जा घरी."

तो गेला. नारळ मात्र तिनं करवंटीच्या तपकिरी सालीपर्यंत खरवडला.

तिला डाचत होतं ते वेगळंच, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. वर्षभर तिला वचन वाचताना कुठं अडतच नव्हतं. पूर्वी दर ओळीला कुणीतरी आडवं येई. "असं कसं?" म्हणे, आणि त्या 'असं कसं'पायी ती रात्र रात्र कूस बदले, पहाटे उठून पुन्हा वाची, आणि कधी कधी डोळ्यांत पाणी येऊन वाची. आता पुस्तक उघडलं की पाच मिनिटांत उत्तर तयार, आणि उत्तर दर खेपेला आकाइतीच्याच बाजूनं. प्रार्थना म्हणायला बसलं की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येई. देव ऐकतोय की नाही, याची तिला आताशा खात्री वाटत नव्हती. पण हे कबूल करायचं म्हणजे तामातोआच्या हातात काठी द्यायची.

रविवारचं वचन होतं शंभर मेंढरांचं. एक हरवतं, मालक नव्याण्णव रानात सोडून त्या एकामागं जातो. बेटावर मेंढरू कुणी पाहिलेलं नाही. इथं डुकरं, पायाला दोरी लावून माडाला बांधलेली. त्यामुळे ही गोष्ट निघाली की सगळं बेट मनातल्या मनात डुकरंच बघतं.

ताउतू बोलली, आरेमांगो बोलली, दोघींची गीतं झाली. मग आकाइती उठली.

"तुम्ही इतकी वर्षं उलटं वाचताय," ती म्हणाली. "हरवलं कोण? नव्याण्णव! ती दोऱ्या तोडून चांगल्या चाऱ्याच्या वासानं गेली. विमानात बसून गेली. आणि जे एक आपल्या खुंट्याला राहिलं, त्यालाच लोक म्हणतात, अरेरे, बिचारं चुकलं, एकटं पडलं! मालकाला ठाऊक होतं खरं कोण. म्हणून तो नव्याण्णवांकडे पाठ फिरवून त्या एकाकडे आला. कळप मोठा म्हणून खरा ठरत नाही. आणि यादीतून नाव खोडलं म्हणून मेंढरू मरत नाही. एवढंच."

दालनभर "बरं, बरं" झालं. पाळक त्या महिन्यात रारोतोंगाच्या मोठ्या बेटावर गेलेला, म्हणून पुढच्या खुर्चीत तामातोआ होता. तोही "बरं" म्हणाला आणि तिच्या गीताची वाट बघू लागला.

आकाइतीनं गीत उचललं नाही.

"माय, गीत."

"माझ्या बाकावरचं कुणी उचलेल तेव्हा."

"तुझ्या बाकावर कुणी नाही."

"मग मी उभी आहे."

तामातोआला समजायला थोडा वेळ लागला. ती बसली नाही तर बैठक उठत नाही. बैठक उठली नाही तर पुढचं वचन देता येत नाही, यादी वाचता येत नाही, नाव गाळता येत नाही. म्हातारीनं रीतच दाराला आडवी लावली होती.

"चला, या खेपेला आपण सगळेच मिळून..." तो म्हणाला.

"कुणाच्या बाकाचं गीत कुणी उचललंय आजवर?" आकाइतीनं विचारलं. "आजोबांपासून चालत आलेली रीत मोडायची असेल तर उठून तसं सांग, तामातोआ. सगळ्यांसमोर सांग."

त्यानं सांगितलं नाही. पाव तास गेला, अर्धा गेला. पत्रा तापला, टोप्यांचे पंखे झाले. मागं कुणाचं तान्हं रडून झोपलं. आकाइतीचे गुडघे थरथरू लागले होते. पण झगा घोट्यापर्यंत असल्याचा फायदा असतो.

मग ताउतूच्या बाकावरून पोको उठली.

पोको म्हणजे ताउतूची वरची पट्टी. चाळीस वर्षं दोघी समोरासमोरच्या बाकांवरून एकमेकींच्या वर चढायला बघत होत्या. दोन वर्षांपूर्वी टोपीच्या विणीवरून वाजलं, तेव्हापासून बोलणंही बंद. पोको मधली मोकळी जागा ओलांडून आली आणि वाईरोआच्या बाकावर धपकन बसली. बाक करकरला.

"मावशी," तामातोआ म्हणाला, "तू ताउतूची."

"ताउतूचा माझा नवरा. मी जन्मले वाईरोआत, विहिरीजवळच्या घरात. किल्ली हिच्याकडेच आहे, विचार."

आकाइतीनं मान वळवली नाही. "मला कुणाची कीव नकोय, पोको."

"कीव? माझी पाठ दुखतेय अर्धा तास, कीव कुठली! मी तुझी चूक काढायला आलेय. दर रविवारी तू काहीतरी भलतंच बोलतेस आणि मी तिकडे बसून 'बरं, बरं' करते. दोन वर्षं 'बरं' म्हणून म्हणून माझी जीभ झिजली. आता या बाकावर बसलेय. आता मला हक्क आहे. चूक! पहिल्या शब्दापासून चूक!"

दालनातले पंखे थांबले.

"काय चूक?"

"ते मेंढरू जागेवरच होतं म्हणतेस. मग मालकानं शोधलं कशाला? खुंट्याला बांधलेलं डुक्कर तू दिवा घेऊन शोधतेस?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"तो भेटायला आला होता," आकाइती म्हणाली.

"भेटायला? आणि सापडल्यावर काय केलं त्यानं? तिथंच झोपडी बांधून राहिला दोघांपुरती? खांद्यावर टाकलं आणि घरी नेलं. घरी म्हणजे कुठं? शेजाऱ्यापाजाऱ्यांत! त्यांना हाका मारल्या, या, आनंद करा. तू आठवड्यात कुणाला हाक मारतेस? मारली असतीस तर मी काय आले नसते?"

"तू बोलत नव्हतीस!"

"तूच बोलत नव्हतीस. मी नुसतं उत्तर देत नव्हते."

आकाइतीच्या अंगात काहीतरी उसळलं. राग होता, पण नुसता राग नव्हता. कुणीतरी आडवं आलं होतं. वर्षभरात पहिल्यांदा ते वचन तिला समोर, जड, हलवता न येणाऱ्या दगडासारखं दिसलं. खांद्यावर टाकलं, हे तिनं वाचलं होतं, पण वाचताना कुठंही न थांबता पुढं गेली होती. तिथं थांबणं तिला सोयीचं नव्हतं.

"मग त्यानं नव्याण्णवांनाच त्या एकाकडे का नाही आणलं?" ती म्हणाली. आवाज चढला. "नेहमी एकानंच उठून जायचं? जे राहिलं त्यानंच? हे सांग!"

पोको बाकावर पुढं सरकून बसली.

"ते मला नाही ठाऊक," पोको म्हणाली. "खरंच नाही ठाऊक. पण हे तू एकटी विचारत बसलीस तर कुढत मरशील. दोघी मिळून विचारू त्याला."

"तू म्हणतेस म्हणून मला पटलं असं नाही."

"पटायला कुणी सांगितलंय? आजच पटलं तर पुढचे रविवार करायचं काय?"

"मग गीत उचल."

"आधी म्हण, चुकले."

"नाही म्हणणार."

"मग उभी राहा."

"राहते."

"एवढं तरी म्हण, पुन्हा बघते."

आकाइतीनं गुडघ्यांना विचारलं. "बघते," ती म्हणाली. "पण तूही बघायचं."

पोकोनं गीत उचललं. आकाइतीनं ते तिच्या हातून हिसकावून आणखी वर नेलं, पोको त्याच्याही वर. खाली कुणीच नाही, दोन वरच्या पट्ट्या पत्र्याला भिडलेल्या. तान्हं जागं होऊन किंचाळलं. आरेमांगोच्या बाकावरून मेतुआबाबा काठी टेकत उठला. बेटावरचा सगळ्यात खोल हुंकार त्याचा.

"कुठं, बाबा?" तामातोआनं विचारलं.

"माझी आईपण वाईरोआचीच. आणि नसती तरी गेलो असतो, कान वाचवायला."

तो येऊन बाकाच्या टोकाला बसला आणि त्यानं खालून हुंकार लावला. गीत जमिनीवर टेकलं. तेव्हा कुठं आकाइती खाली बसली, आणि पुढची दोन कडवी तिला गाता आली नाहीत. पोकोनं ते पाहिलं आणि दोघींच्या वाटचं एकटीनं गायलं.

तामातोआनं पुढच्या रविवारचं वचन सांगितलं. मग रीतीप्रमाणे वस्त्यांची नावं पुकारली. ज्या वस्तीचं नाव येई तिनं 'ऐकलं' म्हणायचं.

"ताउतू."

"ऐकलं."

"आरेमांगो."

"ऐकलं."

त्यानं तोंड मिटलं. मेतुआबाबानं काठी आपटली. "दोघे किंवा तिघे, असं कालपासून सगळ्या बेटाला सांगत फिरतोयस. मोज की. बोटं कमी पडतात का?"

तामातोआनं मोजलं. नुसत्या डोळ्यांनी मोजलं, पण ओठ हलले. "पुढच्या खेपेलाही इतके असतील का?" त्यानं विचारलं.

"त्याचा घोर तुला नको," आकाइती म्हणाली. "नाव घे."

"वाईरोआ," तो म्हणाला.

तीन आवाज आले, तेही तीन वेगवेगळ्या वेळी. "एक तरी गोष्ट बरोबर करा," असं मेतुआबाबा पुटपुटला.

बाहेर ताउतूच्या बायका पोकोशी फुरंगटून उभ्या होत्या. आमची वरची पट्टी गेली, आता आम्ही काय करायचं? "शुक्रवारी वाईरोआत या आणि भांडा," पोको त्यांना म्हणाली. "रविवारी कुणी कुठंही बसा."

"माझ्या घरी कुणी कुणाला बोलावलं?" आकाइती म्हणाली.

"सव्वीस घरांच्या किल्ल्या आहेत ना तुझ्याकडे? तुझं नको असेल तर माझं उघड."

त्या रात्री आकाइतीनं नवं वचन वाचायला घेतलं. पाच मिनिटांत उत्तर तयार झालं. दिवा मालवायला तिनं हात पुढं केला आणि तिला वाटलं, इथं पोको म्हणेल, असं कसं? तिनं पुन्हा वाचलं. उत्तर डळमळलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा ते कोसळलंच, आणि त्याच्याखालून असा प्रश्न निघाला की तिनं पुस्तक मिटून छातीशी धरलं. त्या रात्रीची प्रार्थना फार छोटी झाली. अर्धी तर तक्रारच होती. पण तेवढ्या वेळात तिला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही.

सोमवारी उजाडता उजाडता ती ताउतूच्या पाणथळ शेतात पोकोच्या बांधावर उभी होती. पोको गुडघाभर चिखलात, हातात अळवाचा कंद.

"शुक्रवार ना गं?" पोको म्हणाली.

"शुक्रवारपर्यंत कोण थांबतंय," आकाइती म्हणाली, आणि चपला काढून चिखलात उतरली. "ते वचन तुला सोपं वाटलं ना? वाटलंच मला. ऐक आता."